मोबाईलवर वाकलेली मान कशी सावरावी: अंगणवाडीच्या सतरंजीवरून

आमच्या अंगणवाडीतल्या साल्टर काट्यावर २५ किलोपर्यंतच आकडे आहेत. काटा आढ्याला टांगायचा, खाली झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि त्यानं भोकाड पसरायच्या आत वजन वाचायचं. हे करण्यात माझी २६ वर्षं गेली. मागे आमच्या सेविकांच्या ग्रुपवर एक चित्र फिरत आलं. मान ६० अंशांत वाकवून मोबाईल बघितला तर मानेवर २७ किलोचा भार येतो, असं त्यावर लिहिलं होतं. मी म्हटलं, चला, म्हणजे माझी मान आपल्या काट्यावरसुद्धा मावायची नाही.

हसायला ठीक होतं, पण दुखत होतं खरंच. डाव्या कानामागून कळ निघायची आणि खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. महिनाअखेरीला तर मागून कुणी हाक मारली की मान वळायची नाही, सगळं अंगच वळवावं लागायचं. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आलं. तेव्हापासून हजेरी, आहार, वजन-उंची, गृहभेटी, सगळं मोबाईलवर भरतो. घरपोच आहार देताना आता लाभार्थीचा चेहराही पडताळायचा असतो. मी मांडी घालून सतरंजीवर बसायची. मोबाईल मांडीत, रजिस्टर डाव्या बाजूला जमिनीवर. खाली बघ, डावीकडे बघ, परत खाली बघ. दोन-अडीच तास असंच.

तुम्ही सेविका नसाल. दुकानाचा हिशेब लिहीत असाल, मालिका बघत असाल किंवा रात्री बारा वाजता रील्स सरकवत असाल. मान वाकते ती सारखीच.

आधी मी काय चुकीचं केलं

पहिल्यांदा गेले शेजारच्या गावात हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडे. त्यानं हनुवटी धरून दोन्हीकडे एकेक झटका दिला. कटकट आवाज झाला आणि क्षणभर फार हलकं वाटलं. घरी येईपर्यंत गरगरायला लागलं, दोन दिवस पाटावरून उठताना भिंत धरत होते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतूनच वर जातात, आणि अशा झटक्यानं धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, हे मला नंतर कळलं. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेणारेही हाच खेळ खेळतात. माझ्या नवऱ्याला मी तो बंद करायला लावला.

दुसरी चूक म्हणजे जावेचा जुना मानेचा पट्टा स्वतःच्या मनानं तीन आठवडे घातला. पट्ट्यानं मानेला आयतं धरून ठेवलं आणि मानेचे स्नायू आणखी सुस्तावले. तो काढला की डोकं जड वाटायचं.

शेवटी तालुक्याच्या गावी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. ती मला मावशी म्हणते, मी तिला डॉक्टर म्हणते. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तिचं. सतरंजीवर, पाटावर आणि नेटवर्क नसलेल्या ओसरीवर ते कसं बसवायचं, तेवढं माझं.

ते २७ किलो म्हणजे काय

मी तिला ते चित्रच दाखवलं. ती म्हणाली, डोक्याचं वजन साधारण ५ किलो. म्हणजे दोन-तीन महिन्यांचं चांगलं भरलेलं बाळ. डोकं खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके ते तोलून धरतात, स्नायूंना फारसं काम नसतं. डोकं पुढे गेलं की ते मागून ओढून धरावं लागतं. मला यासाठी आकडे नको होते. भरलेली कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून घरापर्यंत येता येतं, पण तीच कळशी हात लांब करून धरा, दहा पावलांत हात थरथरायला लागतो. कळशी तीच, पाणीही तेवढंच. अंगापासूनचं अंतर तेवढं वाढलं.

चित्रातले आकडे न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जननं २०१४ मध्ये कॉम्प्युटरवर प्रतिकृती तयार करून काढलेले आहेत: १५ अंशांना १२ किलो, ३० ला १८, ४५ ला २२ आणि ६० ला २७. कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेले नाहीत. म्हणजे भार वाढतो हे खरं, पण आकडा पाठ करून घाबरायचं कारण नाही. तिनं मला उलटंही सांगितलं. ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोत १८ ते २१ वर्षांच्या १५० मुलामुलींची मोबाईल बघतानाची मान तपासली होती, २०१८ मध्ये ते छापून आलं. ज्यांची मान जास्त वाकलेली त्यांनाच जास्त दुखतं, असं काही त्यात निघालं नाही.

मी विचारलं, मग माझी का दुखते? ती म्हणाली, मावशी, वाकल्यामुळे कमी आणि वाकून न हलल्यामुळे जास्त. एकच स्नायू तासभर आवळून धरला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त नीट फिरत नाही, मग तो भरून येतो. रिकामा तांब्या हातात घेऊन हात आडवा धरून बसा, पाचव्या मिनिटाला कळेल. तांब्याचं वजन ते काय, पण हात खाली करायची सोय नाही ना.

माझं जिथं दुखत होतं तिथं मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खांद्याच्या पात्याच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक स्नायू असतो. डोकं पुढे आणि खांदे वर, अशा बसण्यात तो सतत ताणलेला राहतो. छातीचे स्नायू आखडतात, गळ्याच्या आतल्या बाजूचे खोल स्नायू ढिले पडतात आणि मागच्यांना दोघांचं काम करावं लागतं. एकत्र कुटुंबात असतं तसंच, एक सून राबते आणि बाकीच्या बघतात.

बसायचं कसं

सगळे सांगतात, मोबाईल डोळ्यांसमोर धरा. मी दोन दिवस धरला. हात दुखून आले. वर माझा चष्मा बायफोकल, वाचायची काच खाली. मोबाईल डोळ्यांसमोर आणला तर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते, म्हणजे मान मागे मोडते. वयाच्या चाळिशीनंतर बायफोकलवाल्यांनी हा सल्ला सरळ सोडून द्यावा. मोबाईल छातीच्या वरच्या भागासमोर, गळ्याच्या थोडा खाली धरायचा आणि मान जवळपास सरळ ठेवून नजर खाली टाकायची. डोळ्यांना खाली वळता येतं, त्यांना ते काम करू द्या. मान उरलेलं थोडंसंच वाकते.

आता हात तिथं कसे टिकणार? कोपरांना आधार हवा. सगळ्या गोष्टींत मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याचा.

जमिनीवर बसत असाल तर पाठ भिंतीला टेकवा आणि मांडी घालण्याऐवजी एक गुडघा उभा करा, आपल्या आज्या धान्य निवडताना बसायच्या तसा. मोबाईलच्या हाताचं कोपर त्या गुडघ्यावर. मोबाईल आपोआप वीतभर वर येतो. दहा मिनिटांनी पाय बदला. गुडघे दुखत असतील तर मांडीवर लोड किंवा गोधडीची वळकटी घ्या आणि दोन्ही कोपरं त्यावर टेकवा. मी अंगणवाडीत खाऊच्या सामानाचं रिकामं पोतं घडी करून, त्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून ठेवलंय. पहिल्या दिवशी पोरं त्यावर बसायला भांडली, आता त्यांना माहीत आहे की ते बाईंचं आहे.

खुर्ची असेल तर कंबर मागे लागेपर्यंत सरकून बसा आणि दंड अंगाला चिकटवून कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा. हात नसलेली प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर परत ती वळकटीच.

रजिस्टर जमिनीवर ठेवू नका. माझं निम्मं दुखणं डाव्या बाजूला होतं ते डावीकडे खाली बघून बघून. आता मुलांचा चौरंग समोर घेते, रजिस्टर त्यावर पाटीला टेकवून तिरकं उभं ठेवते. मान खालीही जात नाही आणि वळतही नाही.

ऑनलाईन प्रशिक्षण, मीटिंग, व्हिडिओ, म्हणजे नुसतं बघायचं-ऐकायचं असेल तिथं मोबाईल हातात धरूच नये. घरी मी फडताळातल्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते आणि उभी राहून भाजी चिरत ऐकते.

मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर दोन पायऱ्या मोठं करा. बारीक अक्षर असलं की माणूस डोकं पुढे घालतोच, त्याला कितीही शिकवा. आणि वर्षभरात डोळे तपासले नसतील तर तपासून घ्या. माझा जवळचा नंबर वाढलेला होता, मी मात्र मानेला तेल चोळत बसले होते.

लांब मजकूर असेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोला. ‘मटकीची उसळ’ तो बरोबर लिहितो. आडनावांची वाट लावतो, तेवढी हातानं दुरुस्त करावी लागतात. मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून पोळ्या लाटणं मात्र आजच्या आज बंद करा, स्पीकर लावा. सासूबाईंविषयी बोलायचं असेल तर पोळ्या झाल्यावर फोन करा.

उठायचं केव्हा

दर वीस मिनिटांनी उठा, हे वाचायला सोपं. गजर लावून बघितला, दोनदा बंद केला आणि तिसऱ्यांदा वाजण्याआधीच काढून टाकला. मग कामालाच गाठ मारली. दहा मुलांच्या नोंदी झाल्या की उठून माठापर्यंत जायचं. आणि नेटवर्क अडकून पडद्यावर ते गोल फिरायला लागलं की मोबाईल खाली ठेवून ‘कोंबडी’ करायची, म्हणजे मानेचा एक व्यायाम, तो पुढे सांगते. पूर्वी मी त्या गोलाकडे टक लावून बघत बसायची. आमच्या गावात ते इतकं फिरतं की माझा दिवसाचा व्यायाम त्यातच होतो.

कोंबडी आणि बाकीचे व्यायाम

कोंबडी चालताना मान पुढे-मागे करते, त्यातलं फक्त मागे आपल्याला करायचं. ताठ बसा, नजर समोर. हनुवटी खाली न झुकवता आणि वर न उचलता डोकं सरळ मागे सरकवा, कुणी नाकाजवळ सुकट आणल्यावर शाकाहारी माणूस सरकवतो तसं. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली की बरोबर जमलं. ५ पर्यंत मोजा, सोडा. एका वेळी १०, दिवसातून तीनदा. डोक्याच्या मागे, केस संपतात तिथं हलका ताण जाणवायला हवा. कळ आली तर जोर जास्त झाला. सुरुवातीला भिंतीला पाठ लावून करा, म्हणजे डोकं सरळ मागे जातंय की वर उचललं जातंय ते समजतं.

आमच्या पोरांना हा व्यायाम भलताच आवडतो. मी सकाळी बडबडगीतांच्या वेळी त्यांच्यासोबतच करते. तीसेक कोंबड्या एकदम माना मागे ओढतात, आमच्या मदतनीस बाई दारात हसत उभ्या राहतात.

दुखऱ्या बाजूसाठी: डावीकडे दुखत असेल तर डोकं उजवीकडे अर्धं वळवा आणि नाक उजव्या काखेकडे न्या, घामाचा वास येतोय का बघितल्यासारखं. उजवा हात डोक्यावर नुसता ठेवा, त्याचं वजन पुरेसं आहे, ओढायचं नाही. डाव्या हातानं बसलेल्या खुर्चीची किंवा पाटाची कड धरा. २० ते ३० सेकंद थांबा, तीनदा करा. ताण मानेच्या मागून पात्यापर्यंत जाईल. हिसके द्यायचे नाहीत.

छातीसाठी दाराची चौकट. दोन्ही हात चौकटीला, कोपरं खांद्याच्या उंचीवर, एक पाय पुढे टाकून छाती उंबऱ्यापलीकडे ढकला. ३० सेकंद. दिवसातून कितीदा दारातून जाता, त्यातल्या तीन वेळा करा.

पात्यांसाठी भिंत. पाठ टेकवून उभं राहा, हात ‘हात वर करा’ म्हटल्यासारखे, मनगटं भिंतीला लावून वर-खाली सरकवा. माझी मनगटं पहिले दोन आठवडे भिंतीला टेकतच नव्हती. न टेकवता केलं.

हे सगळं ताणायचं झालं. डॉक्टरचा खरा आग्रह ताकद वाढवण्यावर होता. डेन्मार्कमध्ये मान-खांदा दुखणाऱ्या १९८ लोकांवर दहा आठवडे प्रयोग झाला होता. रबरी पट्ट्यानं हात बाजूला उचलण्याचा व्यायाम काहींना रोज २ मिनिटं दिला, काहींना १२ मिनिटं. दोघांचंही दुखणं कमी झालं. माझ्याकडे रबरी पट्टा नव्हता, पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या होत्या. कोपरं किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याइतके वर, मग सावकाश खाली. आधी अर्ध्या भरा, पंधरा दिवसांनी पूर्ण. दमेपर्यंत किंवा दोन मिनिटं होईपर्यंत. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे बसतं.

दिवसभर हंडे-बादल्या उचलणाऱ्या बायका म्हणतात, आम्हाला कशाला व्यायाम? मलाही तसंच वाटायचं. पण हंडा उचलताना खांदे कानाकडे जातात, आणि ते तसे वर राहणंच आमचं दुखणं होतं. बाटल्या उचलताना खांदे खाली ठेवायचे, कान आणि खांदा यांत अंतर राहिलं पाहिजे.

रात्रीचं

भिंतीला दोन उशा लावून, हनुवटी छातीवर टेकवून मोबाईल बघत झोपणं यासारखं वाईट काही नाही. बघायचंच असेल तर कुशीवर वळा, डोक्याखाली एक उशी आणि मोबाईल दुसऱ्या उशीला टेकवून समोर उभा. कुशीवर झोपताना उशी खांद्याच्या रुंदीइतकी जाड हवी, उताणं झोपताना पातळ. आमच्या घरी कापसाच्या उशा गुठळ्या झाल्या होत्या, पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून आणल्या.

जास्त भरून आलं तर खडं मीठ तव्यावर गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधते आणि १०-१५ मिनिटं शेकते. आधी हाताच्या पाठीवर लावून बघा, मिठाची ऊब फसवी असते.

अंगठ्याचंही सांगून टाकते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. तिथं झणकन कळ आली तर तो अंगठ्याचे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचा त्रास असू शकतो. एका अंगठ्यानं लिहिणं सोडा, मोबाईल एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं लिहा, आणि दाखवून घ्या.

घरी न थांबता डॉक्टरकडे केव्हा

दुखणं खांद्यावरून हातात उतरतंय, बोटांना मुंग्या येतात किंवा बधिर वाटतात. हातातून कप निसटतो, ब्लाऊजचे हुक किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात. चालताना पाय डगमगतात. लघवी-शौचावरचा ताबा बदललाय. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखतेय. तापासोबत मान ताठरली आहे. वजन घटतंय आणि रात्री दुखण्यानं जाग येते. यातलं काहीही असेल तर कोंबडीबिंबडी करत बसू नका. आणि मान, जबडा, डावा हात यांत दुखून छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप असं झालं तर ते मानेचं समजू नका, लगेच १०८ ला फोन करा.

बाकी साध्या भरून येण्याला मला सहा आठवडे लागले. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक नव्हता, मी सोडून देणार होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा घरपोच आहार वाटताना मागून कुणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारली आणि मी मान वळवून ‘काय गं’ म्हटलं. पाकीट हातात तसंच होतं. महिनाअखेरीला अजून दुखतं थोडं, शेवटच्या दोन दिवसांत नोंदी तुंबल्या की. मग रात्री मीठ, आणि सकाळी पोरांबरोबर कोंबड्या जरा जास्त.